अंजुमनच्या घरी वहिनी नव्हती का?

'घर वाचलं' या दोन शब्दांवर आपल्या उपखंडातले किती सिनेमे आणि मालिका तरल्या असतील, याची मोजदाद नाही. शेवटच्या प्रसंगात दुरावलेले भाऊ गळ्यात पडतात, नवऱ्याला उपरती होते, सून डोळे पुसते आणि तिच्याबरोबर प्रेक्षकही डोळे पुसत उठतो. कुटुंब तुटू नये असं आम्हालाही वाटतं. पण समाजशास्त्र शिकताना आणि त्याहून अधिक वस्तीत काम करताना एक प्रश्न विचारायची सवय लागली. घर वाचलं हे ठीक, पण ते वाचवण्याची किंमत कोणी मोजली?

हाच प्रश्न डोक्यात ठेवून आम्ही एक पाकिस्तानी टेलिफिल्म पाहिली. नाव 'अंजुमन', साल २०१३. दिग्दर्शक यासिर नवाज. कलाकार इम्रान अब्बास, सारा लोरेन, सोहाई अली अब्रो. हसन तारिक यांच्या १९७० सालच्या त्याच नावाच्या गाजलेल्या उर्दू चित्रपटाचा हा रिमेक. त्या सुमारास पाकिस्तानी टीव्हीवर जुने चित्रपट नव्याने करण्याची टूम निघाली होती. फवाद खानला घेऊन १९६६ च्या 'अरमान'चीही टेलिफिल्म त्याच वर्षी आली. 'अंजुमन' म्हणजे नात्यागोत्याची, घराण्याची, भावाभावांच्या जिव्हाळ्याची गोष्ट, अशीच तिची ओळख आहे.

आम्ही निराश झालो. पण त्या निराशेचं कारण नटनट्यांचा अभिनय किंवा गाणी हे नाही. ते कारण आपल्या चळवळीच्या कामाचं आहे, म्हणून हा लेख. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने विचारलंच, "ताई, पाकिस्तानच्या नवाबांच्या भानगडीशी आपल्याला काय करायचंय?" करायचंय. त्या नवाबाच्या घराचं दार आणि आपल्या कित्येकांच्या घराचं दार एकाच सुताराने बनवलेलं आहे.

गोष्ट काय आहे

आधी जुना चित्रपट. एक खानदानी घर. थोरला भाऊ (संतोष कुमार) अंजुमन नावाच्या तवायफेच्या कोठ्यावर पडीक. घरात त्याची बायको (सबीहा खानम) झुरते आहे. धाकटा दीर (वहीद मुराद) या वहिनीला आईच्या जागी मानतो. तिचा संसार मोडू नये म्हणून तो स्वतः कोठ्याची पायरी चढतो. अंजुमन (राणी) थोरल्याचा नाद सोडते, पण धाकट्यावर जीव लावून बसते. धाकट्याचं मन मात्र एका 'चांगल्या घरच्या' मुलीत (दीबा) गुंतलेलं आहे. शेवटी त्याच्याच लग्नात अंजुमन नाचते आणि विष घेऊन मरते. थोरल्याचा संसार वाचला, धाकट्याचा उभा राहिला. एक बाई गेली, आणि ती कोणाच्या घरची नव्हती.

जुन्या चित्रपटाला आम्ही नाकारत नाही. संगीत निसार बझ्मी यांचं. हा माणूस मूळचा आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादचा. मुंबईत काम करून साठच्या दशकात पाकिस्तानात गेला. आवाज रूना लैलांचा. आणि राणी अशी नाचली आहे की लग्नाच्या मांडवातला तिचा नाच हा नाच राहत नाही, तो सगळ्या पाहुण्यांदेखत ठेवलेला आरोप होतो. हसन तारिकने अंजुमनला मारलं खरं, पण चित्रपटाला नाव तिचं दिलं आणि रडायला लावलं ते तिच्यासाठी. १९७० च्या मानाने तेही थोडं नव्हतं.

मग ४३ वर्षांनी त्याच गोष्टीला पुन्हा हात घालणाऱ्याकडून काय अपेक्षा करायची? रिमेक करणाऱ्याला एक मोठा हक्क असतो. जुन्या गोष्टीने जे झाकून ठेवलं ते उघडून बघण्याचा. या टेलिफिल्मने तो हक्क वापरलाच नाही. सांगाडा तोच ठेवला : वाहवलेला थोरला, सोसणारी वहिनी, घर सावरायला निघालेला धाकटा आणि मध्ये अंजुमन. वरून कपडेपट नवा. कॅमेरा घराच्या बाजूने कोठ्याकडे बघतो. कोठ्याच्या बाजूने घराकडे तो एकदाही धडपणे वळत नाही. म्हणून घर म्हणजे नाती आणि कोठा म्हणजे संकट, हे जुनं गणित जसंच्या तसं राहतं. शेवट काय होतो ते आम्ही सांगत नाही, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. आमची तक्रार शेवटाबद्दल नाहीच, ती पहिल्या दृश्यापासूनची आहे.

कोठ्यावरही एक कुटुंब राहतं

तक्रार सरळ आहे. अंजुमन आभाळातून पडली का? तिला आई नव्हती? भाऊ नव्हता? आणि भाऊ असेल तर त्याची बायको, म्हणजे अंजुमनची वहिनी, नव्हती का?

होती. लाहोरच्या हीरामंडीबद्दल ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं जाऊन लिहिलं आहे, त्यात पाकिस्तानच्याच फौझिया सईद यांचं 'टॅबू' हे पुस्तक आहे, त्यांनी हे घर आतून दाखवलं आहे. तिथला पिढीजात धंदा मुख्यतः कंजर बिरादरीच्या घरांत चालत आला. साथीला मिरासी, म्हणजे तबला-सारंगी वाजवणारे, गाणं शिकवणारे. कंजर घरात मुलगी झाली की आनंद होतो, कारण उद्या तीच कमावणार. मुलगा झाला तर विशेष काही नाही. त्या मुलाचं लग्न होतं, बायको येते, आणि ती सून मात्र धंद्यात नसते. ती घरात, पडद्यात राहते, स्वयंपाक करते, पोरं सांभाळते. बहीण नाचते, भाऊ बसून खातो, वहिनीची इज्जत जपली जाते.

वाचकहो, हे वाचताना ओळखीचं वाटलं ना? आपल्या महाराष्ट्रात डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली लिहिलं तेव्हा नेमकं हेच घर मराठी वाचकापुढे उघडं केलं होतं. कोल्हाटी घरातली मुलगी नाचते, तिचा 'चिरा' उतरवला जातो, तिच्या पैशावर बाप आणि भाऊ जगतात, आणि भावाची बायको मात्र घरंदाज. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मध्ये सरहद्द. घराची रचना तीच.

आता विचार करा, यात केवढी गोष्ट दडली होती. नवाबाच्या घरात एक वहिनी आहे, तिची अब्रू वाचवायला दीर धडपडतो. अंजुमनच्या घरातही एक वहिनी आहे, तिची अब्रू अंजुमनच्या पायांतल्या घुंगरांवर उभी आहे. दोन्ही वहिन्यांच्या संसाराचा खर्च एकच बाई भागवते. ही एक गोष्ट २०१३ च्या लेखकाला दिसली असती, तर रिमेक जुन्या चित्रपटाच्या पुढे गेला असता. 'कौटुंबिक नाती' हाच विषय होता ना? मग नाती दोन्ही घरांतली दाखवा! पण ज्याला कुटुंब म्हणायचंच नाही, त्याची नाती कशी दिसणार?

'कसबी' या शब्दाचा हिशेब

इथे कोणी म्हणेल, हा नैतिकतेचा प्रश्न आहे, यात जात कुठून आणली? जात आम्ही आणली नाही. ती तिथे होतीच.

बाबासाहेबांचं पाकिस्तानवरचं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी चाळलं असेल, राजकारणाच्या प्रकरणांसाठी. त्यात सामाजिक साचलेपणावर एक प्रकरण आहे. मुसलमान समाजातही जातीची उतरंड आहे, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी तिथे १९०१ च्या बंगालच्या जनगणनेतला तपशील दिला आहे. वर अश्रफ, खाली अजलाफ, आणि काही ठिकाणी सर्वांत तळाला अर्जल. अर्जल म्हणजे ज्यांच्याशी बाकीचे मुसलमान मिसळत नाहीत, ज्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव. त्या तळच्या यादीत हलालखोर, लालबेगी, मेहतर हे सफाईकाम करणारे आहेत, हिजडे आहेत, आणि त्याच यादीत 'कसबी' आहेत. नाचगाणं आणि देहविक्री ज्यांच्यावर लादली गेली त्या बाया.

ही यादी बंगालची आहे, पंजाबची नाही, हे ध्यानात ठेवू. पण तत्त्व एकच. मैला उचलणारा आणि नवाबाची करमणूक करणारी एकाच रांगेत बसवली गेली. दोघांचं काम समाजाला हवं आणि दोघांचा शेजार नको. पाकिस्तानी पंजाबात 'कंजर' आणि 'मिरासी' हे शब्द आजही शिवीसारखे फेकले जातात. एखाद्या बिरादरीचं नाव शिवी होतं, याला जात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि 'कसबी' या शब्दाकडे मराठीतून बघा. कसब म्हणजे हुन्नर, हातातली कला. पुरुष 'कसबी कारागीर' झाला तर शाबासकी. बाई 'कसबीण' झाली तर शिवी. एकाच शब्दाने पुरुषाच्या पाठीवर थाप मारली आणि बाईच्या तोंडावर थुंकी टाकली. जात आणि पितृसत्ता एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालतात, हे सांगायला यापेक्षा लहान पाठ आम्हाला सापडलेला नाही.

जास्तीची बाई

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा : जातीचा प्राण आहे सजातीय विवाह, म्हणजे गटाच्या आतच लग्न. पण गटाच्या आत बाया आणि पुरुष यांची संख्या कायम जुळलेली राहत नाही. नवरा मेला की बायको 'जास्तीची' होते. ती गटाबाहेर लग्न करील किंवा आतल्या दुसऱ्या मुलीचा वाटा घेईल, ही भीती. म्हणून तिची विल्हेवाट लावायची. सती घालवून किंवा सक्तीचं वैधव्य लादून. मागाहून त्यालाच पावित्र्याचा मुलामा.

बाबासाहेब हिंदू समाजाबद्दल लिहीत होते आणि त्या निबंधात कोठा नाही. पण त्यांनी दिलेली कात्री आम्ही इथे वापरतो. खानदानी घराची लग्नं नात्यात, बिरादरीत ठरलेली. पाकिस्तानात आजही निम्म्याहून जास्त लग्नं जवळच्या नात्यात होतात. या बंद कुंपणाबाहेर एक बाई उभी केलेली आहे. तिच्याशी पुरुषाने सगळं करायचं, फक्त लग्न करायचं नाही. पैशाचा व्यवहार चालतो, शरीराचा चालतो, गाण्याची दाद चालते. बेटीव्यवहार चालत नाही. जोवर ती कोठ्यावर आहे तोवर कुंपणाला धोका नाही. ज्या दिवशी ती म्हणते, 'मला घरात घ्या', त्या दिवशी ती जास्तीची होते. आणि मग १९७० च्या पटकथेत विष आणलं जातं. ते विष अंजुमन स्वतःच्या हाताने पिते. सतीबद्दलही असंच सांगितलं जात होतं, की ती स्वखुशीने चढली.

१९३६ साली लाहोरच्याच जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषणाचा मजकूर वाचून परिषदच रद्द केली. न झालेल्या त्या भाषणाचं पुस्तक झालं, 'जातिसंस्थेचं निर्मूलन'. रोटीव्यवहाराने जात मरत नाही, बेटीव्यवहाराने मरते, हा त्यातला गाभा. ते ऐकायची तयारी लाहोरच्या सुधारकांची नव्हती. त्याच शहरातल्या हीरामंडीत सुधारकांपासून सरदारांपर्यंत कोणाच्या जाण्यायेण्याला कधी अडचण आली नाही.

दोन वर्षं आधी हे करून दाखवलं गेलं होतं

'तिकडच्या समाजात, तिकडच्या टीव्हीवर एवढंच शक्य होतं', अशी सबब कोणी देईल. ती टिकत नाही. २०११ साली, म्हणजे या टेलिफिल्मच्या दोनच वर्षं आधी, शोएब मन्सूर यांचा 'बोल' पाकिस्तानातच प्रदर्शित झाला आणि तिथे भरपूर चालला.

'बोल'मधला हकीम धार्मिक, कडवा, मुलींवर मुली झाल्या म्हणून बायकोला छळणारा. पैशाच्या अडचणीत सापडल्यावर साका कंजर त्याच्यापुढे सौदा ठेवतो. तुझ्या घरात मुलीच होतात, आम्हाला मुलीच हव्यात. आमच्या मीनाला मुलगी दे आणि पैसे घे. हकिमाच्या घरात जी मुलगी ओझं, तीच कोठ्यावर भांडवल! इज्जतदार घर आणि बदनाम घर यांच्यातला पडदा एका सौद्यात फाटतो. पुढे मीना आपली तान्ही मुलगी घेऊन हकिमाच्या दारात येते, हिला तुमच्या घरात वाढवा म्हणते. हकीम त्या बाळाचा जीव घ्यायला उठतो आणि थोरली मुलगी जैनब (हुमैमा मलिक) बापाचा हात कायमचा थांबवते. तिला फाशी होते. पण ते बाळ जगतं, आणि त्याला वाढवतात हकिमाच्याच मुली.

मित्रमैत्रिणींनो, याला म्हणतात कौटुंबिक चित्रपट. कोठ्यावरचं मूल घरात आलं, बापाशिवायच्या घरात, बहिणींच्या घरात. रक्ताने सख्खं असून ज्याला नाकारलं होतं, त्याला माणुसकीने सख्खं केलं. 'बोल'ने जे दार उघडलं होतं ते 'अंजुमन'च्या रिमेकने पुन्हा लोटून घेतलं, म्हणून आमची निराशा मोठी आहे. कुवत नव्हती असं नाही. बघायचं नव्हतं.

बोट त्यांच्याकडे, तीन बोटं आपल्याकडे

हा लेख वाचून कोणी 'बघा, मुसलमान असेच' असं म्हणणार असेल, तर त्याने इथेच थांबावं आणि 'पिंजरा' आठवावा. १९७२ चा, व्ही. शांताराम यांचा. तोही आधारलेला, १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटावर. गावचे आदर्श गुरुजी, तमाशातली बाई, आणि गुरुजींचा ऱ्हास. मराठी माणसाने तो डोक्यावर घेतला. गुरुजींच्या पडण्याचं दुःख अख्ख्या महाराष्ट्राला झालं. ती बाई फडावर कशी आली, तिला कोणी नाचवलं, दौलतजादा कोणी केला, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. नवाबाच्या जागी गुरुजी, मुजऱ्याच्या जागी लावणी. 'पुरुष चांगला, बाईने बिघडवला' हे सूत्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना दोन वर्षांच्या अंतराने तुफान चाललं. अलीकडे २०२४ मध्ये संजय लीला भन्साळींनी 'हीरामंडी' केली. तिथे तर बिरादरीचं दारिद्र्य झुंबरांच्या उजेडात दिसेनासंच झालं.

आता आणखी जवळ येऊ. आपल्या अंगणात.

तमाशाच्या फडावर महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या बाया नाचल्या. संगमनेर भागातल्या हिवरगावची पवळा, जिने पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांना रंगमंच दिला, ती महार समाजाची होती. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला, गणगवळणीच्या जागी बाबासाहेबांचा विचार आणला. फडातलं कसब जलशाने उचललं आणि समाज जागा केला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण सुरुवातीच्या जलशांत बाईची भूमिकाही पुरुषच करत. फडातली कला चळवळीत आली, फडातली बाई दाराबाहेर राहिली.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब वाघ्ये, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी, आराधी यांच्या सभेत बोलले. कामाठीपुऱ्यातल्या बायांनाही त्यांनी सांगितलं, हे जिणं सोडा. इतर बायका जगतात तसा संसार करा. शब्द कडक होते. त्या भाषणाचा आधार घेऊन आजही आपले काही लोक फडातल्या, बारमधल्या, लाल बत्तीतल्या बायांना हिणवतात. आम्हाला त्यांना विचारायचं आहे, तुम्ही भाषण अर्धंच का वाचता? 'संसार करा' हे बाईने एकटीने करायचं काम आहे का? तिने पाऊल उचललं तर दार कोणीतरी उघडायला हवं ना! बाबासाहेब त्या बायांना माणूस समजून, आपल्याच समजून बोलावत होते, धर्मांतराच्या सभेत मानाने बसवून बोलत होते. नवाबाच्या घराने अंजुमनला लग्नात बोलावलं ते नाचायला. या दोन बोलावण्यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने भाषणाचा आधार घेऊ नये.

बावीस प्रतिज्ञा आणि आजीची चौकशी

हे आम्ही पुस्तकातून बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी एक सोयरीक जुळवायला आम्ही आणि दोन ज्येष्ठ कार्यकर्ते गेलो होतो. मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, धम्म परिषदेला दरवर्षी जाणारा. मुलगी एएनएम झालेली, सरकारी आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरीला. दोघंही बौद्ध. दोघांचं एकमेकांवर प्रेम. चहा झाला, फोटोला हार झाला, भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती. मग मुलाचा चुलता सावकाश म्हणाला, "पोरगी चांगलीय, प्रश्न नाही. पण आजी फडात होती म्हणे. घराणं बघावं लागतं."

घराणं! ज्यांच्या पणजोबाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला होता, त्यांनी घराणं बघायचं! आम्ही बोललो, वाद घातला. मुलगा मान खाली घालून बसला होता. सोयरीक झाली नाही. बाहेर पडताना ती मुलगी आम्हाला शांतपणे म्हणाली, "ताई, बावीस प्रतिज्ञांमध्ये आजीची चौकशी कितवी आहे?"

तिच्या आजीने फडात नाचून तिच्या आईला शिकवलं. आईने शिवणकाम करून हिला नर्स केलं. तीन पिढ्यांत घुंगरापासून इंजेक्शनपर्यंत आलेलं हे घराणं आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जे करायला सांगितलं ते या तीन बायांनी अक्षरशः करून दाखवलं. आणि दार कोणी लावलं? नवाबाने नाही. जयभीम म्हणणाऱ्या घराने. त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही 'कौटुंबिक' कथेकडे तिच्या बाजूने बघतो. 'अंजुमन'च्या रिमेकवर आम्ही एवढे का चिडलो, ते आता कळलं असेल.

मग करायचं काय

नुसती टीका करून उठणं ही आपली परंपरा नाही. चार गोष्टी सुचवतो.

एक, आपल्या वधूवर मेळाव्यांच्या अर्जात पोटजात, मूळ गाव आणि 'घराण्याची माहिती' असे रकाने अजून असतात. आयोजकांनी ते काढावेत. न काढल्यास तरुणांनी ते कोरे सोडावेत, आणि कोरे का सोडले हे मंचावर जाऊन सांगावं. धर्म बदलूनही सोयरिकीची कुंपणं राहिली, तर १९१६ चा तो निबंध आपण फक्त जयंतीच्या भाषणापुरता वाचला असं होईल.

दोन, आईच्या नावाचा प्रश्न. किशोर काळेंनी 'शांताबाई' हे नाव मधोमध लावलं तेव्हा ते बंड होतं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केलं आहे. चांगलं झालं. पण त्याआधी जन्मलेली आणि बापाचं नाव नसलेली हजारो मुलं शाळेच्या दारात, दाखल्याच्या रांगेत अजून अडवली जातात. 'बापाचं नाव?' या प्रश्नाने त्यांचा पहिलीचा वर्ग सुरू होतो. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने अशा किमान एका मुलाबरोबर शाळेत जावं. भाषणापेक्षा हे काम मोठं आहे.

तीन, फडातल्या, मुरळी-जोगतीण म्हणून सोडलेल्या आपल्या आज्या अजून हयात आहेत. त्यांच्याकडे बसा. त्यांचं आयुष्य त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि त्यांची परवानगी असेल तरच छापा. आपल्या साहित्याने बापाचं दुःख भरभरून लिहिलं. नाचलेल्या आजीचं अजून लिहायचं आहे.

चार, सिनेमा बघाच. पाकिस्तानी बघा, मराठी बघा, तमिळ बघा. पण बघताना तीन प्रश्न जवळ ठेवा. यात कुटुंब कोणाला म्हटलं आहे? कोणाला म्हटलेलं नाही? आणि शेवटी घर वाचलं तेव्हा कोण मेलं?

हे तीन प्रश्न घेऊन 'अंजुमन'चे दोन्ही अवतार पाठोपाठ पाहिले तर एक गोष्ट लख्ख होते. जुन्या चित्रपटाने बाईला मारून तिच्यासाठी अश्रू तरी ढाळले. नव्याला अश्रूंच्या पुढे जायची संधी होती, ती त्याने कपडेपटात घालवली. रिमेक हा फक्त सिनेमाचा होत नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सोयरिकीत आपण जुन्या समाजाचा रिमेकच करत असतो. फक्त रंग निळा दिला म्हणजे गोष्ट बदलत नाही. नवाबाच्या घराची रचना तशीच ठेवून वर पंचशील ध्वज लावला, तर तो बाबासाहेबांना अभिप्रेत असलेला संसार नव्हे.

अंजुमनला वहिनी होती, भाऊ होता, आई होती. तिला फक्त असं घर नव्हतं जिथे तिची चौकशी न करता तिला आत घेतलं जाईल. असं घर बांधणं नवाबाला जमलं नाही, टीव्हीवाल्यांना जमलं नाही. ते आपल्याला जमलं पाहिजे.

जयभीम!